लोखंड संपतं तिथं मोडतं : घरी बनवलेल्या ट्रेलरच्या सांगाड्याला बळकटी देताना

मंडळी, बंदीचे 61 दिवस संपत आलेत. 1 जूनच्या आधी वर चढवलेल्या होड्या शेडमध्ये, माडाखाली, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. कोणी इंजिन खोलून साफ केलं, कोणी जाळी सांधली, कोणी फायबरवर नवा हात मारला. पण ज्या ट्रेलरवरून होडी पाण्यात जाणार, त्याच्याखाली किती जणांनी वाकून बघितलं? आम्हीही बघत नव्हतो. मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी बघावं लागलं, तेही भर रस्त्यात गुडघे टेकून.

आमचा सामायिक ट्रेलर आम्हीच बनवलेला. भंगारातल्या जीपचा एक्सल आणि पाटे, 75 मिलिमीटरचं चॅनेल, पुढे मधोमध एक दांडा, त्याच्या टोकाला हुक. आठ वर्षं त्याने निमूट काम केलं. धक्क्यापासून शेडपर्यंत जेमतेम दीड किलोमीटर. मध्ये एक चढ, एक वळण आणि एक गतिरोधक. त्या दिवशी पावसाची चिन्हं होती, घाई होती, होडीत जाळी तशीच होती. गतिरोधकावरून चाकं उतरली आणि ‘टण्ण’ असा आवाज झाला. दांडा मोडला, सांगाड्याचं पुढचं तोंड डांबरावर आपटलं, विंचचा पट्टा तुटला आणि होडी नाळेवर पुढे सरकली. होडीला हात लावून बाजूने चालणारा आमच्यातलाच एक शाळकरी पोर होता. त्याच्या पायापासून लोखंड एक वीत लांब पडलं.

पोर वाचला, त्याबद्दल देवाचे आभार. पण होडीच्या पठाणाला दोन हात लांब चीर गेली. दुरुस्तीला कारागीर मिळेपर्यंत बंदी उठून गेली. बाकीच्या होड्या पाण्यात, आणि ती एक शेडमध्ये. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ज्या आठवड्यांत चवथीच्या खर्चाचे पैसे हातात यायचे, ते आठवडे त्या घराने कोरडे काढले.

आता यातली खरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहायला अर्थ नाही. तो दांडा आम्ही दोन वर्षांपूर्वीच ‘मजबूत’ केला होता. थोडा वाकल्यासारखा वाटला म्हणून खालून 10 मिलिमीटर जाडीची, दोन फूट लांब पट्टी लावली आणि चारी बाजूंनी घट्ट वेल्ड केली. आम्हाला त्याचा अभिमान होता. दांडा मोडला तो बरोबर त्या पट्टीच्या टोकाला, वेल्डच्या ओळीवर. सुरीने कापावा तसा.

तुकडे घेऊन आम्ही एका जुन्या वेल्डर काकांकडे गेलो. आयुष्यभर ट्रकचे सांगाडे जोडलेला माणूस. त्यांनी तुटलेलं तोंड बोटाने चाचपलं आणि म्हणाले, “जंय लोखंड घातलंस, थंय मोडूचा नाय. जंय लोखंड संपता, थंय मोडतला.”

एवढं एक वाक्य समजलं तर ट्रेलरची निम्मी कामं आपोआप नीट होतात.

टोकालाच का मोडतं?

लांब बांबूला मधोमध दुसरा आखूड बांबू काथ्याने आवळून बांधा आणि टोक धरून वाकवा. जोडलेला भाग ताठ राहील. सगळा वाक येईल तो काथ्या संपतो त्या जागी, आणि बांबू तिथंच तडकेल. लोखंडाचंही तसंच. दांडा प्रत्येक खड्ड्याला थोडा वाकतो, परत सरळ होतो. हा वाक सगळ्या लांबीत वाटला गेला, तर वर्षानुवर्षं काही होत नाही. आपण मध्येच एक जाड, ताठ तुकडा चिकटवला की वाक वाटला जात नाही, एका रेषेत साठतो.

त्याच रेषेवर आपण आडवं वेल्ड केलेलं असतं. वेल्डच्या कडेला लोखंड तापून थंड झालेलं असतं आणि तिथं बारीकशी खाच राहते. चीर सुरू व्हायला तेवढी खाच पुरते.

चीर कुठून सुरू होईल तेही आधी ओळखता येतं. हुक दांड्याला वर ढकलतो, होडी सांगाड्याला खाली दाबते. त्यामुळे दांड्याची खालची बाजू सतत ताणली जाते. ताणलेल्या बाजूलाच चीर उघडते. एक्सलच्या मागे उलट, तिथं मागचा भाग खाली लोंबतो आणि वरची बाजू ताणली जाते. म्हणून तपासताना पुढे खालून बघायचं, मागे वरून. आम्ही आठ वर्षं पुढे वरून बघत होतो. वर रंग झकास होता.

आधी वजन करा

लोखंड आणायच्या आधी वजनकाट्यावर जा. ट्रक-टेम्पो मोजतात तिथं आपला ट्रेलरही मोजतात. आम्ही गेलो तेव्हा सगळे छातीठोक सांगत होते, होडी सहाशे किलोची आहे. काट्यावर होडी आणि ट्रेलर मिळून 1,240 किलो भरलं. रिकामा ट्रेलर 310. म्हणजे होडी 930 किलोची. सहाशे किलो होते फायबरचे. त्यावर इंजिन, टाकी, नांगर, दोर, जाळी आणि तळाशी साचलेलं पाणी कोणी मोजलंच नव्हतं.

पाण्याचं तर विशेष सांगायला हवं. एक लिटर म्हणजे एक किलो. होडीच्या तळाचा पाच चौरस मीटर भाग धरला आणि त्यात वीतभराहून कमी, 10 सेंटिमीटर पाणी असलं, तर ते 500 किलो होतं. अर्धा टन! म्हणून उतारावर होडी ओढून घेतली की पहिलं काम बूच काढायचं. पाणी पूर्ण गळू द्यायचं, मगच रस्त्याला लागायचं. ओली जाळी शक्यतो दुसऱ्या गाडीत. एक पैसा खर्च न करता ट्रेलरला मिळणारी सगळ्यात मोठी बळकटी हीच.

उलाळ गाडी आणि जड दांडा

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही अगदी तसंच. हुकावर भार कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि ओढणारी गाडी आवरत नाही. जास्त पडला तर दांडा सोसत नाही.

होडीच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के भार हुकावर असावा. आमच्या 1,240 किलोला 62 ते 124 किलो. दांड्याखाली वजनकाटा ठेवून मोजलं तर 160 किलो भरले. दांडा हुकापासून सांगाड्याच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत 1.2 मीटर मोकळा. जेवढा हात लांब तेवढा वाकवणारा जोर जास्त, आणि चाक खड्ड्यात आपटलं की तोच जोर दुप्पट-तिप्पट होतो. दांडा का मोडला याचं उत्तर त्या काट्यावरच होतं.

उपाय सोपा होता. विंचचा खांब आणि नाळेचा टेकू वीतभर मागे घेतला, होडी मागे सरकली, हुकावर 100 किलोच्या आसपास भार राहिला. काही ट्रेलरवर एक्सलच पुढे सरकवावा लागतो. तो ‘यू’ बोल्टवर असेल तर सरकतो, वेल्ड करून टाकला असेल तर नाही. म्हणून एक्सल कधीही सांगाड्याला थेट वेल्ड करू नका.

होडी मागे घेताना एक भान ठेवा. इंजिन बसवायच्या मागच्या फळीखाली आधार आलाच पाहिजे. होडी ज्या लाकडी पट्ट्यांवर बसते त्या फळीच्या आधीच संपल्या, तर इंजिनाच्या भाराने फायबरचा तळ तिथं हळूहळू वाकतो, आणि मग होडी पाण्यात नीट चालत नाही. होडीलाही तोच नियम लागू, आधार संपतो तिथं बिघडतं.

चीर शोधायची घरगुती युक्ती

ट्रेलर रिकामा करा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. तारेच्या ब्रशने सगळी जोडकामं घासा. रंगावर गंजाची बारीक सरळ रेघ दिसली तर ती रेघ नसून चीर आहे असंच धरून चला.

मग कापसाने त्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावा. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. वरून कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि खडूची पूड चोळा. थोडा वेळ थांबा, हातोडीने हलके ठोके द्या. चीर असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. या एका खडूने आम्हाला आणखी दोन चिरा दाखवल्या. एक पाट्याच्या कानाजवळ, एक विंचच्या खांबाच्या बुडाशी. दोन्ही रंगाखाली होत्या.

या जागा न चुकता बघा : दांडा सांगाड्याला मिळतो ती जागा खालून, पाट्यांचे कान, विंचच्या खांबाचं बूड, मागची शेवटची आडवी पट्टी, आणि जिथं जिथं जुनी ‘मजबुती’ केलेली आहे तिची दोन्ही टोकं.

मग बळकटी द्यायची कशी?

आम्ही चार कामं केली. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, एका दांड्याचे दोन केले. मधोमधचा एकटा दांडा काढून टाकला. त्याऐवजी दोन चॅनेल हुकापासून निघून ‘व्ही’सारखे फाकत मागे गेले, दोन्ही बाजूंच्या मुख्य चॅनेलांखालून, थेट पाट्यांच्या पुढच्या कानापर्यंत. पहिल्या आडव्या पट्टीवर थांबलो असतो तर पुन्हा तीच चूक झाली असती. भार एका जागी न पडता दीड मीटर लांबीत वाटला गेला, आणि वळणावर सांगाडा तिरका व्हायचा तोही थांबला.

दुसरं, जाडी वाढवण्यापेक्षा उंची वाढवली. चॅनेल आडवं ठेवलं तर सहज वाकतं, उभं ठेवलं तर वाकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सपाट पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण उभी उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते. दुकानात 75 च्या जागी 100 मिलिमीटरचं चॅनेल घेतलं तर वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढतं, वाकण्याविरुद्धची ताकद मात्र जवळपास पावणेदोन पट होते. लोखंड किलोवर मिळतं. पैसे जाडीत घालण्याऐवजी उंचीत घाला.

तिसरं, कोपऱ्यांना त्रिकोण दिले. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. प्रत्येक कोपऱ्यात 6 मिलिमीटर पत्र्याची त्रिकोणी पट्टी, आणि सांगाड्याच्या पुढच्या खणात एक तिरकी पट्टी. त्रिकोणी पट्टी चॅनेलच्या उभ्या बाजूला जोडली, वरच्या-खालच्या आडव्या बाजूंच्या कडेला वेल्ड लावलं नाही. भोकंही तशीच. बोल्टचं भोक उभ्या बाजूच्या मधोमध पाडा. तिथं ताण सगळ्यात कमी असतो. खालच्या आडव्या बाजूला पाडलेलं एक भोक म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण.

चौथं, जुन्या चिरा बुजवल्या. नुसतं वरून वेल्ड फिरवून चीर बुजत नाही, झाकली जाते. चिरेचं टोक शोधून त्याच्या थोडं पुढे 6 मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने चिरेच्या लांबीत ‘व्ही’ खाच करायची, तळापासून वेल्ड भरायचं आणि वरून घासून सपाट करायचं. त्यानंतर वरून पट्टी. ही पट्टी कशी कापायची ते नीट ऐका, कारण सगळ्या लेखाचं सार त्यात आहे.

पट्टीची टोकं काटकोनात कापू नका. निमुळती करा, पापलेटच्या शेपटीच्या दोन टोकांसारखी किंवा शंकरपाळ्यासारखी टोकदार. त्यामुळे पट्टी एका रेषेवर एकदम न संपता हळूहळू संपते आणि वाक वाटला जातो. वेल्ड लांबीच्या दिशेने करा. आडवं, दांड्याला छेदून, खासकरून खालच्या बाजूला करू नका. टोकाचा शेवटचा अंगठाभर भाग वेल्ड न करता सोडा. आता कोणी म्हणेल, त्या फटीत खारं पाणी जाईल. बरोबर, जाईल. म्हणून रंगाच्या आधी ती फट सीलंटने बंद करा. तेवढ्यासाठी तिथं वेल्ड फिरवू नका. फट बुजवायला सीलंट आहे, वेल्ड जोडायला आहे.

बंद चौकोनी पाइप वापरावा का, असं बरेच जण विचारतात. अगरबत्तीची पुठ्ठ्याची नळी पिळून बघा, पिळवटत नाही. तीच नळी लांबीत एकदा चिरली की सहज पिळवटते. बंद पाइप आणि उघडं चॅनेल यांत तोच फरक आहे. पिळाविरुद्ध पाइप कितीतरी ताठ. पण आपला ट्रेलर खाऱ्या पाण्यात उतरतो. पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग झकास दिसत राहतो, अगदी फुटेपर्यंत. उघडं चॅनेल निदान खोटं बोलत नाही. पाइप वापरलाच तर खालच्या टोकाला पाणी निघायची वाट ठेवा आणि दर फेरीनंतर आत गोडं पाणी सोडा.

वेल्डिंगच्या दिवशी

होडी ट्रेलरवर ठेवून वेल्डिंग करू नका. एका ठिणगीने फायबर, जाळी, पेट्रोल सगळं जातं. पेट्रोलची टाकी शेडच्या बाहेर न्या, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा.

अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. पुढे वेल्ड आणि चिमटा मागच्या चाकाला असं केलं तर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जातो, त्याचे गोळे डागाळतात आणि महिनाभरात चाक कुरकुरायला लागतं. मग आपण बेअरिंगच्या दुकानदाराला शिव्या देतो.

जस्ताचा लेप असलेला पाइप किंवा पट्टी असेल तर वेल्डच्या जागेचा लेप आधी घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून काम करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर दूध प्यायलं की काही होत नाही, हा समज खोटा आहे. धूर घ्यायचाच नाही, हाच उपाय.

पावसाळ्यात रॉड ओलसर होतात. 7018 चे रॉड तर कोरडेच लागतात, ओल्या रॉडने केलेलं वेल्ड वरून छान दिसतं आणि आतून कच्चं राहतं. साध्या 6013 ने नीट साफ केलेल्या लोखंडावर केलेलं काम त्यापेक्षा बरं. आणि गंजावर, रंगावर, ग्रीसवर कधीही वेल्ड नको.

एक्सलच्या मधल्या भागाला, खालच्या बाजूला कसलीही पट्टी, कडी, आकडा वेल्ड करू नका. एक्सल वाकला असेल तर बदला. त्याला बळकटी देत बसू नका.

खारं पाणी कोणालाच सोडत नाही

काम झाल्यावर सगळं तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा प्रायमर, वरून इपॉक्सी रंग. कोपरे आणि कडांना आधी ब्रशने एक हात, कारण कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. संपूर्ण सांगाडा जस्तात बुडवून घ्यायची ऐपत असेल तर उत्तमच. पण जस्ताची टाकी साधारण 450 अंश तापलेली असते. बंद पाइपात हवा किंवा पाणी अडकलं असेल तर तिथं स्फोट होतो. म्हणून आधी भोकं पाडून घ्यावी लागतात, आणि सगळं वेल्डिंग त्याआधीच संपलेलं असावं लागतं.

रस्त्यावरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. हब तापलेला असतो, गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. होडीचे पट्टे सोडा, बूच बसवा, चहा घ्या. पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात हब निवतो.

पहिल्या फेरीआधी

हुकापासून मागच्या टोकापर्यंत सांगाड्याच्या कडेने सुतळी ताणून बांधा. रिकाम्या ट्रेलरवर मधोमध सुतळी आणि लोखंड यांतलं अंतर मोजा. होडी चढवा, पुन्हा मोजा. उतरवा, तिसऱ्यांदा मोजा. भाराखाली थोडा वाक येणारच, त्याला घाबरू नका. पण होडी उतरवल्यावर पहिलं माप परत आलं नाही, तर लोखंड कायमचं वाकलंय. तो ट्रेलर रस्त्यावर न्यायचा नाही.

मग चालण्याच्या वेगाने एक फेरी, थांबून सगळे नट तपासा. पाच किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावा, म्हणजे हुक सुटला तरी दांडा जमिनीत न घुसता साखळ्यांवर पडेल. आमच्या ट्रेलरला साखळ्या नव्हत्या.

कागदांचंही सांगून ठेवतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरसुद्धा येतो. सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा तर त्याची नोंदणी लागते. शेड ते उतार एवढंच आवारातल्या आवारात फिरवणं वेगळं आणि हमरस्त्याने दुसऱ्या गावी नेणं वेगळं. अपघात झाला तर पहिला प्रश्न कागदाचा येतो आणि त्यावेळी ‘घरी बनवलाय’ हे उत्तर पुरत नाही.

आणि शेवटचं

नवा सांगाडा होऊन आता एक हंगाम झाला. मागच्या महिन्यात पुन्हा रॉकेल-खडू केलं, रेघ उमटली नाही. ज्या घराची होडी मोडली होती, तीही आता याच ट्रेलरवरून चढते-उतरते. पहिल्यांदा चढवली तेव्हा मालक दादा स्वतः खाली वाकून पट्ट्यांची टोकं बोटाने चाचपत होते. कोणी हसलं नाही.

त्याबरोबर एक नियमही केलाय आणि तो लोखंडापेक्षा कडक आहे. ट्रेलर हलत असताना होडीला हात लावून कोणीही बाजूने चालायचं नाही. पोरांनी तर नाहीच. होडी पडायची असेल तर आपल्या हाताने ती थांबणार नाही. हजार किलोला माणसाचा हात म्हणजे काय! पट्टे आवळा, लांब उभे राहा, पुढचा रस्ता एकाने बघा.

या रविवारी सकाळी शेडमध्ये रॉकेल, खडू, तारेचे ब्रश आणि वजनकाटा ठेवलेला असेल. बंदी उठायच्या आधी आपापले ट्रेलर घेऊन या. कोणाचा ट्रेलर कसा दिसतो याची इथं चेष्टा होणार नाही, आमचाच कसा मोडला ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या ट्रेलरवर जुनी ‘मजबुती’ केलेली असेल, तर तिच्या टोकापासून सुरुवात करू.